प्रतिजैविकाची सुई आणि अंगातला 'स्टार्टर'

गाय व्याली, पण वार वेळेवर पडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गाय गोठ्यात बसली ती उठेना. मान पोटाकडे वळवलेली, कान गार, नजर निस्तेज. दवाखान्याचे डॉक्टर दुसऱ्या गावी गेलेले. मग ओळखीतल्या कोणाला तरी बोलावणे जाते. तो येतो, 'आत ताप मुरला असेल' म्हणतो आणि प्रतिजैविकाची सुई थेट शिरेतून देतो. घाईत असतो, म्हणून औषध भरकन सोडतो. थोड्या वेळात गाय आडवी होते, श्वास उथळ होतो. मग गावात चर्चा सुरू. कोणी म्हणते सुई गरम पडली, कोणी म्हणते औषध मुदत संपलेले होते, तर कोणी दुकानदारावर घसरते.

थोड्याफार फरकाने असा प्रसंग दुधाळ जनावरांच्या पट्ट्यात कुठेही घडू शकतो. औषध अस्सल असेल, मुदतही शिल्लक असेल, तरी तो घडू शकतो. कारण काही प्रतिजैविके जंतू मारता मारता आणखी एका ठिकाणी जाऊन बसतात. ते ठिकाण म्हणजे मज्जातंतू आणि स्नायू यांचा सांधा.

प्रतिजैविकांबद्दल आपल्याकडे सध्या जी चर्चा चालते ती दोनच गोष्टींची. एक, जंतू औषधाला दाद देईनासे झालेत. दोन, दुधात आणि अंड्यात औषधाचा अंश उतरतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि गंभीर आहेत. पण सुई टोचल्यावर त्या माणसाच्या किंवा जनावराच्या अंगात त्याच तासाभरात काय होऊ शकते, हा विषय मागे राहतो. तो डॉक्टरांच्या पुस्तकात सत्तर वर्षांपासून आहे, आपल्या ओसरीवर मात्र अजून आलेला नाही.

डीपी, स्टार्टर आणि मोटार

विहिरीवरच्या मोटारीचे उदाहरण घेऊ. डीपीतून लाईन येते. ती थेट मोटारीला जोडलेली नसते, मध्ये स्टार्टर असतो. लाईन चालू आहे, मोटारही धड आहे, पण स्टार्टर उचलत नसेल तर पाण्याचा थेंब येत नाही. शरीरातही असेच आहे. मेंदू आणि पाठीचा कणा ही डीपी, मज्जातंतू ही लाईन, स्नायू ही मोटार. आणि मज्जातंतू जिथे स्नायूला भिडतो तिथे एक बारीकशी फट असते. तोच स्टार्टर.

या फटीतून वीज पलीकडे उडी मारत नाही. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या बारीक पिशव्या भरलेल्या असतात. हुकूम आला की त्या फुटतात, रसायन फट ओलांडून स्नायूवरच्या बटणांवर बसते आणि स्नायू आखडतो. या बटणांना शास्त्रात 'ग्राही' म्हणतात. रसायनाचे काम झाले की तिथलेच एक विकर त्याचे तुकडे करून जागा मोकळी करते, म्हणजे पुढचा हुकूम घेता येतो. पाय उचलणे, रवंथ करणे, पापणी उघडी ठेवणे, सगळे असेच चालते. श्वासासाठी छातीचा पडदा हलतो तोही असाच.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची. पिशव्या फुटण्यासाठी मज्जातंतूच्या टोकात कॅल्शियम शिरावे लागते. कॅल्शियम शिरले नाही तर हुकूम येऊनही रसायन बाहेर पडत नाही.

आता औषधांकडे येऊ. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, निओमायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन ही एकाच घराण्यातली भावंडे. हे घराणे दोन्हीकडून पकडते. मज्जातंतूच्या टोकात कॅल्शियम जाण्याचा दरवाजा ते अडवते, त्यामुळे रसायन कमी सुटते. आणि पलीकडे स्नायूवरची बटणेही बोथट करते, म्हणजे जे थोडे रसायन पोचले त्याचाही जोर पडत नाही. कोलिस्टिन आणि पॉलिमिक्सिन हे दुसरे घराणे, त्यांचा अटकाव अधिक चिवट. लिंकोमायसिन आणि क्लिंडामायसिन हेही याच सांध्यावर वजन टाकतात. टेट्रासायक्लिनची तऱ्हा वेगळी, ते कॅल्शियमलाच धरून ठेवते.

हे काल-परवा लागलेले शोध नाहीत. स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३ मध्ये, अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, मातीतल्या एका जंतूपासून. क्षयाला त्याने पहिल्यांदा चाप लावला आणि १९५२ मध्ये वॅक्समन यांना नोबेल मिळाले. आपल्या राज्यात पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली उभा राहिला, तिथे आधी पेनिसिलीन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. त्याच सुमारास, १९५६ मध्ये, पोटाच्या शस्त्रक्रियेत निओमायसिन पोटात ओतल्यावर रोग्यांचा श्वास थांबल्याच्या नोंदी अमेरिकेत छापून आल्या. पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या वायटल ब्राझील आणि कोराडो या दोघांनी दाखवले, की स्ट्रेप्टोमायसिनचा परिणाम क्युरारेसारखा आहे. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला लावतात ते विष. त्याने शिकार शुद्धीवर असते, पण स्नायू लुळे पडून श्वास बंद होतो.

मग रोज एवढ्या सुया दिल्या जातात, सगळेच का आडवे होत नाहीत?

कारण निसर्गाने इथे भरपूर राखीव साठा ठेवला आहे. निरोगी अंगात लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त रसायन सुटते आणि बटणेही गरजेपेक्षा पुष्कळ असतात. दहापैकी सात-साडेसात बटणे निकामी होईपर्यंत बाहेरून अशक्तपणा दिसतसुद्धा नाही. म्हणून धडधाकट बैलाला किंवा माणसाला योग्य मात्रेत, मांसात दिलेल्या जेंटामायसिनने सहसा काही होत नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणी डॉक्टरांनी सांगितलेले प्रतिजैविक नाकारू नये. सेप्टिक झालेली जखम किंवा न्यूमोनिया अंगावर काढला तर तो या धोक्यापेक्षा लवकर मारतो.

प्रश्न आहे तो ज्याची विहीर आधीच तळाला गेलेली आहे त्याचा. तिथे एक बादली जास्त उपसली तरी खडक लागतो.

तळाला गेलेल्या विहिरी

पहिली विहीर आपल्या गोठ्यातच आहे. दुग्धज्वर. हे नाव ज्याने ठेवले त्याने शेतकऱ्याचे नुकसानच केले, कारण यात ज्वर नसतोच. उलट अंग गार पडते. जास्त दूध देणारी गाय, तिसऱ्या वेतापासून पुढची, व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत चिकात एवढे कॅल्शियम घालवते की रक्तातले कमी पडते. शंभर मिलिलिटर रक्तात साडेआठ ते दहा मिलिग्रॅम असायला हवे, ते पाचाच्याही खाली उतरते. मग वर सांगितले तेच. हुकूम येतो, पण पिशव्या फुटत नाहीत. गाय उठत नाही, कारण स्टार्टर उचलत नाही.

अशा गाईला नेमकी त्याच वेळी प्रतिजैविक देण्याची कारणेही हजर असतात. वार अडकलेली असते किंवा कासेला दगडी झालेली असते. त्यात 'ज्वर' हे नाव. मग कॅल्शियमची बाटली लावण्याआधी जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन दिले, तेही शिरेतून, तेही भरकन, तर उरलासुरला दरवाजाही बंद होतो. टेट्रासायक्लिन शिरेतून जोरात सोडले तर ते रक्तातले कॅल्शियम बांधून हृदयावर ताण आणते आणि जनावर जागेवर कोसळू शकते. हेच औषध सावकाश, पातळ करून, कॅल्शियम भरून निघाल्यावर दिले तर गोष्ट वेगळी. म्हणजे बरेच काही क्रमात आणि वेगात आहे.

कॅल्शियमची बाटलीसुद्धा हृदयाचे ठोके ऐकत हळूहळू लावायची असते. ती घाईत सोडली तर हृदय थांबते. म्हणून 'बाटली आहे ना घरात, लाव' हा प्रकार डॉक्टर नसताना करू नये.

दुसरी विहीर सर्पदंशाची. नागाचे विष याच सांध्यावर काम करते. ते स्नायूवरच्या बटणांवर बसून राहते. मण्यारीचे विष त्याहून वाईट, ते मज्जातंतूची टोकेच खराब करते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, खूण सापडत नाही, पहाटे पोटात दुखते, मग पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते, गिळता येत नाही. या माणसाला गावात कोणी 'सेप्टिक नको' म्हणून जेंटामायसिन टोचले, तर विषाच्या हातात आणखी एक हात दिल्यासारखे आहे. त्याला गरज आहे ती प्रतिविषाची आणि श्वास चालवणाऱ्या यंत्राची. जखमेचे प्रतिजैविक नंतर, रुग्णालयात, तेथील डॉक्टर ठरवतील.

तिसरी विहीर फवारणीची. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलो नाही. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस औषधे फटीतले रसायन तोडणारे विकर बंद पाडतात. रसायन साचत जाते, बटणांवर सतत हात दाबलेला राहतो. आधी घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, अंगाची फडफड. उपचाराने माणूस जरा सावरतो, घरचे निश्चिंत होतात, आणि पहिल्या ते चौथ्या दिवसात मान उचलेनाशी होते, श्वास पुरत नाही. हा दुसरा झटका थकून गेलेल्या स्टार्टरचा. अशा रोग्याच्या छातीत कफ साचलेला असतो, म्हणून प्रतिजैविक लागतेच. पण कोणते, ते हा इतिहास माहीत असलेल्यानेच निवडायला हवे. नातेवाइकाने 'काय झालं माहीत नाही, चक्कर आली' असे सांगितले, पोलिस केस होईल म्हणून फवारणीचे नाव घेतले नाही, तर डॉक्टर अंधारात सुई निवडतात. ही लपवाछपवी होते हे पोलिस पाटलांना चांगले माहीत आहे.

चौथी विहीर ओळखू येत नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिस असा एक आजार आहे. यात शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक शक्ती स्नायूवरच्या बटणांवर हल्ला करते. सकाळी माणूस बरा असतो. संध्याकाळपर्यंत पापण्या मिटायला लागतात, एकाचे दोन दिसतात, भाकरी चावता चावता जबडा थकतो. घरात म्हणतात आळशी आहे, झोपाळू आहे. अशा माणसाला जेंटामायसिनच नव्हे, आपल्याकडे पेपरमिंटासारख्या दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गोळ्याही बाधू शकतात. अमेरिकेच्या औषध खात्याने २०११ मध्ये या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर सर्वात ठळक चौकटीत हा इशारा छापायला लावला. ॲझिथ्रोमायसिनबाबतही सावधगिरी सांगितली जाते. गोळी साधी, ताप साधा, पण दोन दिवसांत श्वासाला यंत्र लागू शकते.

याशिवाय दोन जागा नुसत्या सांगून पुढे जातो. शस्त्रक्रियेत स्नायू सैल करणारे औषध देतात, त्यावर ही प्रतिजैविके पडली तर श्वास परत सुरू व्हायला उशीर लागतो. आणि बाळंतपणात झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात, तेही याच सांध्यावर कॅल्शियमला अडवते, बाळालाही पोचते. भूलतज्ज्ञ आणि बाळंतपण करणारे डॉक्टर हे जाणतात. अडचण येते ती मधल्या मध्ये, इकडून तिकडे रोगी हलवताना, कोणती सुई झाली हे चिठ्ठीवर नसते तेव्हा.

पेनिसिलीनचे काय, असे कोणी विचारील. स्नायूच्या या सांध्यावर ते जवळजवळ निर्धोक आहे. त्याची तक्रार मेंदूत असते. तिथे शांत ठेवणारी निराळी बटणे असतात, मूत्रपिंड बिघडलेल्या रोग्यात फार मोठी मात्रा गेली तर पेनिसिलीन ती बटणे अडवते आणि झटके येतात. ॲलर्जी हा पुन्हा वेगळाच विषय.

जुनी औषधे परत का आली

इथे आजच्या चर्चेचा धागा जुळतो. कोलिस्टिनचे उदाहरण बघा. हे १९५० च्या दशकातले औषध. मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांना बाधते म्हणून १९७० नंतर माणसांच्या डॉक्टरांनी ते जवळजवळ बाजूला ठेवले, कारण त्याहून सुरक्षित औषधे हाती आली होती. पुढे ती सुरक्षित औषधे निष्प्रभ ठरत गेली, आणि अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून कोलिस्टिन पुन्हा कपाटातून काढावे लागले. मधल्या काळात तेच औषध कोंबड्यांच्या खाद्यातून वजन वाढवायला वापरले जात होते. चीनमध्ये २०१५ साली कोलिस्टिनला दाद न देणारी, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारी जनुके डुकरांत सापडली तेव्हा जगाचे डोळे उघडले. आपल्या केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत, मत्स्यशेतीत आणि खाद्यात कोलिस्टिनला बंदी घातली.

डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचे मिश्रण आपले बागाईतदार वर्षानुवर्षे फवारत आले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने शेतीतला हा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. फवारणीने स्नायू लुळे पडतात असा अर्थ कोणी काढू नये, तेवढे औषध अंगात जात नाही. आक्षेप जंतू निर्ढावण्याचा आहे.

पण जंतू निर्ढावणे आणि मज्जातंतूंची बाधा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे आपण लक्षात घेत नाही. साधी औषधे जितक्या लवकर वाया जातील तितकी ही जुनी, सांध्यावर बसणारी औषधे जास्त वापरावी लागतील. आज कोंबडीच्या खाद्यात किंवा साध्या सर्दीला उधळलेल्या औषधाचा हिशोब उद्या सर्पदंशाच्या नाहीतर दुग्धज्वराच्या रोग्याच्या माथी येतो, कारण त्या दिवशी डॉक्टरांच्या हातात निवडीला जागाच उरलेली नसते.

सुई कोण देतो?

कायद्याचे म्हणाल तर तो स्पष्ट आहे. जेंटामायसिनसारखी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने जनावरांवरचे उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकाचे काम ठरवले, पदविकाधारकांना त्यांच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा देता येतात. प्रत्यक्षात रात्री दोनला गाय बसली तर देखरेख करणारा असतो कुठे? जो येतो त्याच्याकडून काम भागवावे लागते. तेव्हा सगळा दोष त्या येणाऱ्या पोरावर टाकणे मला पटत नाही. निदान तो येतो तरी. त्याला एवढे जरी कोणी शिकवले की व्यालेली, गार पडलेली, बसलेली गाय दिसली तर आधी कॅल्शियमचा विचार आणि जेंटामायसिनला हात नको, तरी पुष्कळ जनावरे वाचतील. असे अर्ध्या दिवसाचे शिक्षण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेता येईल. पंचायत समितीने मनावर घेतले तर त्याला वेगळा निधीही लागणार नाही.

शेतकऱ्याने आपल्या बाजूने काय करावे? रिकामी बाटली फेकू नये. तिच्यावर औषधाचे नाव आणि मात्रा असते, पुढच्या डॉक्टरला तीच सगळ्यात मोठी साक्ष. सुई द्यायच्या आधी तोंड उघडून सांगावे: गाय कधी व्याली, काल कोणते इंजेक्शन झाले, माणूस असेल तर फवारणी केली होती का, साप चावल्याचा संशय आहे का, पापण्या मिटतात का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का. मूत्रपिंड दुबळे असेल तर ही औषधे अंगात साचून राहतात, हेही डॉक्टरांना आधी कळले पाहिजे. मायस्थेनियाच्या रोग्याने तर आजाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी खिशातच ठेवावी.

सुई दिल्यावर निदान अर्धा-पाऊण तास जवळ थांबावे. मान पडणे, पापण्या मिटणे, जीभ बाहेर लोंबणे, श्वासाला छाती न हलणे, यातले काहीही दिसले तर 'औषध चढलंय, उतरेल' म्हणत बसू नये. वेळेत ओळखले तर हा परिणाम पुष्कळदा उलटवता येतो. जेंटामायसिनच्या घराण्यावर शिरेतून कॅल्शियम चालते, काही वेळा निओस्टिग्मिनही. कोलिस्टिनच्या बाबतीत ही भिस्त कमी, तिथे श्वास चालू ठेवणे हाच आधार. माणसासाठी १०८ आणि जनावरासाठी १९६२ हे क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने नव्हे, रंगाने लिहून ठेवावेत.

आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना एक विनंती. जनावरांच्या कानात बारा आकडी बिल्ले मारले गेले, त्यावर लसीकरणाची नोंद होते. उपचाराचीही नोंद त्याच बिल्ल्यावर व्हावी, असा ठराव पुढच्या ग्रामसभेत घ्यायला हरकत नाही. तोपर्यंत गोठ्याच्या खांबाला दोरीने बांधलेली एक चाळीस पानी वही चालेल: तारीख, औषधाचे नाव, किती, कुठे टोचले, कोणी टोचले.

कॅल्शियम नीट लागले की गाय अंगाला थरथर आणते, ढेकर देते, शेण टाकते आणि बहुतेक वेळा काही तासांत उठून वासराकडे बघते. ती उठल्यावर मग वारेच्या आणि दगडीच्या औषधाचे डॉक्टरांशी बोलावे.